चिठ्ठ्या टाकून जोडलेलं जाळं

भूकंपाचा धक्का बसला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. चिपळूणच्या दळणवळण केंद्राच्या प्रमुख वसुधा म्हैसाळकर भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"मॅडम, फोन जोडणाऱ्या स्विचची दोन कपाटं आडवी झाली!" अभियंता फिरोज परकार आतून ओरडला.

वसुधाबाईंची धाकटी बहीण हेमलता त्या क्षणी गुहागरच्या रुग्णालयात होती. मिरजेत बसलेले शल्यविशारद यांत्रिक हातांनी तिच्या हृदयावर शस्त्रक्रिया करत होते. त्यांच्या बोटांची प्रत्येक हालचाल या केंद्रातून जात होती, आणि त्यासाठी राखून ठेवलेली वाट नेमकी पडलेल्या एका कपाटातून होती.

त्यातच लाखो फोन सुरू झाले. जुनं केंद्र अशा वेळी तासाभरात तुंबायचं; आता त्याच्या जागी नवं जाळं होतं.

या जाळ्याचा आराखडा फिरोजने आणला, तेव्हा वसुधाबाईंनी तो परत ढकलला होता. "स्विचच्या एका रांगेतली तार पुढच्या रांगेत कुठे जोडायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं? हे जाळं की गुंता?"

"नियमाने जोडलं की गर्दी ठरावीक तारांवरच लोटते," तो म्हणाला होता. "यादृच्छिक, म्हणजे नशिबावर सोडलेल्या जोडणीत वाटा इतक्या विखुरतात, की काही तुटल्या तरी उरलेल्यांतून पुढे जाता येतं."

त्यांनी फाइलीत विरोधाचा कडक शेरा मारला. तरी वरून मंजुरी आली होती.

आता पडद्यावर हेमलताच्या शस्त्रक्रियेची वाट दाखवणारी रेघ एका कपाटावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर उडी घेत होती. चाळीस मिनिटं वसुधाबाई खाली बसल्या नाहीत.

मग गुहागरहून फोन आला. "झालं ऑपरेशन. पहिल्या धक्क्याला यांत्रिक हात क्षणभर थबकले, तेवढंच."

वसुधाबाई फिरोजकडे वळल्या. "फिरोज, तुमच्यामुळे माझी बहीण वाचली. त्या शेऱ्याबद्दल मला माफ करा."

फिरोज संकोचला. "मी फक्त चिठ्ठ्या काढणारा प्रोग्रॅम चालवला, मॅडम. कुठली तार कुठे गेली, ते मलाही ठाऊक नव्हतं."

"पण गुंत्यावर विश्वास तुम्ही ठेवलात," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

पडद्याच्या कोपऱ्यात अकरा क्रमांक लाल दिसत होते. लाखोंपैकी एवढ्याच फोनांना वाट मिळाली नव्हती. वसुधाबाईंनी खुर्ची ओढली आणि वाट न मिळालेल्यांची चौकशी करायला पहिला क्रमांक स्वतः फिरवला. घंटा वाजू लागली.

पलीकडून कुणी उचलेल ना?