सालिमच्या खांद्याची दुनळी

ओमानमधल्या निझव्याच्या किल्ल्यामागच्या गल्लीत यासिर अर्बाबचं बंदुकांचं दुकान आहे, आणि तिथे गेली एकोणीस वर्षं उत्तम मेस्त्री बंदुकांना लाकडी दस्ते बसवतो. माणूस कुडाळकडचा, हात सुताराचा, तोंड फटकळ. मस्कतहून कुणी साहेब येऊन काचेतल्या सगळ्यात भारी बंदुकीकडे बोट दाखवायचा, की हा आधी त्याचा हात धरून कोपराच्या खळीपासून बोटापर्यंत टेप लावायचा. "साहेब, दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचता काय? मग दुसऱ्याच्या मापाची बंदूक कशाला हवी?" गिऱ्हाईक ओशाळायचं आणि अर्बाब, म्हणजे मालक, गालातल्या गालात हसायचे.

माणूस समोर उभा केल्याशिवाय, त्याचा खांदा चाचपल्याशिवाय लाकडाला रंधा लावायचा नाही, हा उत्तमचा नियम. शिकार आता कायद्यात बसत नाही; सगळा नेम रेंजवर उडणाऱ्या मातीच्या चकत्यांवर. पण चकती झाली म्हणून काय, बंदूक बसली नाही तर तीसुद्धा चुकतेच. हा नियम त्यानं एकदाच मोडला, आणि तोही अर्बाबसाठी. दुसऱ्या कुणासाठी मोडला असता तर त्याचं नाव उत्तम नव्हे.

अर्बाबवर त्याचा जीव होता, हे सरळच सांगून टाकलेलं बरं. त्याची आई गेली तेव्हा स्वतः गाडी हाकत त्यांनी त्याला मस्कतच्या विमानात बसवलं होतं, आणि परत आला तेव्हा विमानतळावर तेच उभे. करोनात तो खोलीत एकटा तापानं फणफणला, तर दाराबाहेर रोज भाताचा डबा ठेवून हे सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ रस्त्यावरून ओरडायचे, "उत्तम, जेवलंस?" तेवढी मालवणी त्यांनी त्याच्याकडून उचलली होती. बाकी दोघांची बोली म्हणजे हिंदी आणि अरबीची खिचडी.

तर एप्रिलात एका सकाळी अर्बाब अक्रोडाचा एक ठोकळा काखेत मारून आले.

"माझ्या भावासाठी दुनळी करायची," ते म्हणाले. "सालिम. माझा जुळा."

जुळा भाऊ आहे हे एकोणीस वर्षांत उत्तमनं कधी ऐकलं नव्हतं. पण मोठ्या घरांत भाऊबंदकी असते, आपण कशाला नाक खुपसा! "मग पाठवा त्याला मापाला."

"तो येणार नाही. माझंच माप घे. फक्त तो डावखुरा आहे."

उत्तमनं कपाळाला आठ्या घातल्या. उजव्या खांद्याच्या माणसाचा दस्ता किंचित उजवीकडे झुकवतात, डावखुऱ्याचा डावीकडे. नाहीतर डोळा नळीच्या रेषेत येत नाही आणि बार बाजूनं जातो. पण समोरचा चेहरा इतका आर्जवी होता, की त्यानं टेप काढली.

पुढचे दिवस मोठे मजेत गेले. उत्तमनं एकावर एक नळीची नवी बंदूक सुचवली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, सालिमला जुनीच हवी, शेजारी शेजारी नळ्यांची. नळीच्या टोकावर नेम धरायला बारीक दाणा असतो, त्याला बंदूकवाले माशी म्हणतात. उत्तमनं लाल चमकणारी प्लास्टिकची माशी लावून दाखवली. दुसऱ्या दिवशी अर्बाब हसत हसत आले. "सालिम विचारतो, ही पेटली आहे का? विझव म्हणतो."

"पेटली आहे म्हणे! अर्बाब, तुमचा भाऊ कुठल्या डोंगरात राहतो हो?"

"अदमच्या पलीकडे," अर्बाब म्हणाले, आणि कॉफीचा रिकामा पेला पुरे म्हणून हलवला.

मग साधी पितळेची माशी बसली. आता राहिली काडतुसं. उत्तमनं हलक्या दारूची काढली. "ही घ्या. या वयात जोराचा धक्का बसला तर खांदा निखळायचा."

"भारी दे," अर्बाब म्हणाले. "सालिमचा खांदा तरणा आहे."

ते इतक्या सहज म्हणाले, की उत्तमनं डबा बदलून दिला. जुळ्या भावांतला एक म्हातारा आणि दुसरा तरणा कसा, हे त्याच्या डोक्यात शिरलं ते दुकानाचं शटर ओढताना. रात्री त्यानं कुडाळला बायकोला सांगितलं. विशाखा म्हणाली, "म्हाताऱ्याक बरा वाटता तर देवा करून. तुमचा काय जाता?"

दोन दिवसांनी अर्बाब नमाजाला गेले असताना त्यांची बायको आमिना दुकानात आली. एरवी येताना हलव्याची वाटी असायची, आज हात रिकामे.

"ती बंदूक त्यांना देऊ नकोस," ती म्हणाली. "सालिमला जाऊन चौपन्न वर्षं झाली."

घरात तेव्हा दोन बंदुका होत्या, तिनं सांगितलं. एक चांगली, एक जुनाट. दोघे भाऊ अठरा वर्षांचे. अदम गावापलीकडच्या माळावर हरणामागे जायचं ठरलं त्या दिवशी यासिरनं चांगली उचलली आणि म्हणाला, उद्या तू घे. जुनाट बंदूक उजव्या खांद्याची, सालिम डावा. त्याचे बार बाजूनं जात राहिले. जखमी हरणामागे तो एकटाच पुढे गेला. माणूस सापडला नाही, बंदूकही नाही.

"आता रोज सकाळी त्या माळाच्या दिशेला तोंड करून बोलत बसतात. म्हणतात, बंदूक झाली की त्याला नेऊन देतो. उत्तम, गेले तर ते परत येणार नाहीत. मला कळतं ते. तू लांबव. तुझ्या हातात आहे."

हा माणूस म्हणजे त्याचं या मुलखातलं सगळं घरदार. त्यानं मान डोलावली.

त्या संध्याकाळी अर्बाब गेल्यावर त्यानं दस्त्याच्या बुडाचं रबर काढलं आणि खाली चामड्याची चकती सरकवली, तांदळाच्या दाण्याएवढी जाड. रबर परत बसवलं. बाहेरून देवाच्या बापाला कळलं नसतं. बंदूक कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली खिशात. असं खोटं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं, आणि केलं तेही प्रेमापोटी.

सकाळी अर्बाब आले ते थेट कपाटापाशी उभे राहिले. बंदुकीला हात लावला नाही.

"सालिम म्हणतो, बुडाखाली काहीतरी आहे. खांद्याला टोचतं."

उत्तमच्या हातातली कानस तशीच राहिली.

त्यानं चामडं काढलं आणि दुसऱ्या दिवशी गालाजवळचं लाकूड दोन फटके जास्त घासलं, वर पॉलिश मारलं. सकाळी अर्बाबनं स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं. "इथे पोकळ लागतं म्हणाला." तिसऱ्या दिवशी त्यानं माशी केसभर सरकवली. तेही कळलं. किल्ली तर उत्तमच्या खिशात होती. झोपताना तो ती उशीखाली घ्यायचा.

चौथ्या दिवशी अर्बाब त्याच्या समोर जमिनीवर बसले. गुडघा दुखायचा, म्हणून ते कधी खाली बसत नसत.

"सालिम विचारत होता, हा कारागीर माझ्यावर का रागावलाय? सालिमनं एकदा वाईट बंदूक घेतली, उत्तम. माझ्यामुळे. दुसऱ्यांदा तीच वेळ आणू नकोस रे."

त्यांचे डोळे भरून आले होते. उत्तमला वाटलं, आपण या माणसाला वाचवतोय की छळतोय? घेऊन जाऊ आपणच त्या माळावर. दोन बार काढतील, मन हलकं होईल, घरी आणू. मी आहे ना बरोबर. त्यानं गालाशी लाकडाचा नवा तुकडा जोडला, माशी जागेवर आणली. बंदूक अशी झाली, की उत्तमनं डाव्या खांद्याला लावली तेव्हा त्याचा स्वतःचा उजवा हात परका वाटला. आमिनाला फोनवर त्यानं शब्द दिला, "मी त्यांना घेऊनच परत येईन."

मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळीच, ते निघाले. अर्बाबच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेली दुनळी. अदम मागे पडलं, डांबरी रस्ता सुटला, मग नुसता खडीचा सपाट माळ. साडेआठलाच ऊन तापून पांढरं झालं होतं. बाभळीसारखं एक एकटं झाड आलं तिथे अर्बाब म्हणाले, "खलास, बस झालं. इथेच."

उत्तमनं मोजून दोनच काडतुसं दिली.

"दोन पुरे," अर्बाब म्हणाले. "तू गाडीत बस. तो अनोळखी माणसाला बुजतो."

"मी येतो. ऊन बघा काय आहे!"

"उत्तम." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आईनंतर तसा कुणी ठेवला नव्हता. "दहा मिनिटं."

ते उजव्या पायानं लंगडत गेले. झाडापाशी थांबले. मग झाडापलीकडच्या उतारावर आधी पाय, मग खांदे, मग डोक्याचा फेटा दिसेनासा झाला.

पहिला बार झाला.

उत्तम दार उघडून उभा राहिला. घड्याळ पाहिलं. चार मिनिटं. सहा. वारा नव्हता. पक्षी नव्हता. नऊ.

दुसरा बार झाला.

तो धावत सुटला, तेवढ्यात उतारावरून फेटा वर आला. अर्बाब येत होते. उत्तमला रडूच फुटलं. "अर्बाब!" तो ओरडला. त्यांनी हात उंचावला.

डावा हात. बंदूकही डाव्याच खांद्यावर होती.

दमला असेल उजवा, उत्तमनं स्वतःला सांगितलं. ते भराभरा आले. झपाझप, खडीवरून उड्या टाकल्यासारखे. पाय लंगडत नव्हता.

चेहरा तोच. पांढरी दाढी तीच, पायघोळ दिश्दाशाही तीच, सकाळी कॉफी सांडली होती तो छातीवरचा डागसुद्धा.

"चला, आत बसा. पाणी घ्या." उत्तमनं दार उघडलं. ते क्षणभर दाराकडे पाहत राहिले, मग वाकून आत शिरले. बंदूक मांडीवर आडवी. उत्तमनं इंजिन चालू केलं तशी एसीची हवा तोंडावर आली आणि ते दचकून मागे सरले. मग हळूच तळवा त्या जाळीसमोर धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि आनंदानं हसले.

ऊन लागलं, उत्तम मनात म्हणाला. ऊनच लागलं.

ते त्याच्याकडे वळले. वाटेत गाडीत घेणाऱ्या परक्या माणसाशी बोलावं, तशा अदबीनं, स्वच्छ अरबीत म्हणाले, "अल्ला तुझं भलं करो, भाऊ. तुझं नाव काय?"

उत्तमनं त्यांच्या खांद्यावरून झाडाकडे पाहिलं.

"माझा भाऊ म्हणाला, त्याच्यासाठी थांबू नका."

फोन थरथरू लागला. पडद्यावर आमिनाचं नाव होतं. उत्तमनं तो वाजू दिला. मग त्यानं एसी बंद केला, इंजिन बंद केलं, चारी काचा खाली केल्या आणि झाडाकडे तोंड करून बसून राहिला, अर्बाबची हाक आली तर ऐकू यावी म्हणून.