तिसरा ठोका

यात माझ्या पदरचं काही नाही. माझ्या आजीने, फ्रादलने, हे आयुष्यात एकदाच सांगितलं. सांगताना ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. हे घडलं तेव्हा माझी आई, मिंडल, सात वर्षांची होती आणि तिथेच होती. तिने आजीचं एक अक्षरही कधी खोडून काढलं नाही. मी फार वर्षं म्हणत होते, भुकेने माणसाला काहीही ऐकू येतं. आता म्हणत नाही.

पोलंडमधलं वूच शहर. साल बेचाळीस, सप्टेंबर महिना. जर्मनांनी आम्हा ज्यूंना तारेच्या कुंपणातल्या वस्तीत कोंडलं होतं, तिला घेटो म्हणत. आणि वेळ पहाटेची...

गल्लीत झावेल नावाचा म्हातारा होता. सिनेगॉगचा, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराचा, सेवेकरी. पहाटे लाकडी हातोड्याने घरोघरच्या खिडकीची झडप ठोकायची आणि लोकांना प्रार्थनेला उठवायचं, हे त्याचं काम.

टक्. टक्. टक्.

रोज तीन ठोके. रात्री गल्लीत कुणी वारलं असेल तर मात्र दोनच. तिसरा ठोका आला नाही, की लोक अंथरुणातच समजायचे.

सिनेगॉग जर्मनांनी पाडलं, तरी झावेल ठोकत राहिला. थंडीत तो उपासमारीने गेला. शेवटी शेवटी फ्रादलच त्याला वाटीभर सूप द्यायची, म्हणून हातोडा तिच्याकडे आला. आणि एका संध्याकाळी, घरात जाळायला काडीसुद्धा नसताना, तिने तो चुलीत घातला. त्यावर सलगमाचं सूप शिजवलं आणि लेकीला, मिंडलला, पाजलं.

लाकूड चांगलं वाळलेलं होतं. छान जळलं.

मग सप्टेंबर आला. हुकूम निघाला, की दहा वर्षांच्या आतली सगळी मुलं द्यायची. आजारी आणि म्हातारेही द्यायचे. कुणी घराबाहेर पडायचं नाही. शिपाई गल्ली गल्ली करत येतील.

कुठे नेणार, ते कुणी सांगत नव्हतं. विचारायची गरजही नव्हती.

पहिल्याच पहाटे फ्रादलला जाग आली...

टक्. टक्. टक्.

दूर, गल्लीच्या तोंडाशी.

पातळ लाकडी भिंतीपलीकडे पेशे राहायची. जिभेने तिखट, मनाने मऊ. तिची ब्लूमे पाच वर्षांची.

"ऐकलंस का गं?" पेशे भिंतीतून कुजबुजली. "मेला तरी हा मेला झोपू देत नाही!"

"पेशे, त्याचा हातोडा मी जाळलाय."

"अगं बाई... मग ठोकतोय कशाने?"

फ्रादलने कान देऊन ऐकलं. ठोके पुढे सरकत होते, पण पावलं... पावलंच वाजत नव्हती.

झावेल जिवंत असताना सगळ्या गल्लीला सारखेच ठोके द्यायचा. आता मात्र प्रत्येक घराला वेगळे मिळत होते. कुठे तीन. नोटे नावाच्या शिंप्याच्या खिडकीवर दोन.

दुपारी शिपायांनी नोटेची दोन्ही मुलं नेली. तीन ठोकेवाल्या घरांत कुणाला हातही लागला नाही.

दुसऱ्या दिवशीही तसंच.

त्यानंतर गल्लीतली एकही आई पहाटे झोपली नाही. सगळ्या झडपेला कान लावून उभ्या राहायच्या. एरवी देवाला नावं ठेवणारी पेशेसुद्धा पुटपुटत होती, "झावेलबाबा, तीन. तुझे पाय धरते, तीनच दे."

तिसऱ्या पहाटे ठोके त्यांच्या घरांपाशी आले.

पेशेच्या खिडकीवर... टक्. टक्. टक्.

"तीन!" पेशे रडत रडत हसली. "फ्रादल, माझी ब्लूमे वाचली गं!"

मग फ्रादलच्या झडपेवर...

टक्.

टक्.

फ्रादल वाट बघत राहिली. मागे मिंडल निजली होती, तोंड उघडं टाकून.

तिसरा ठोका आला नाही.

"किती गं?" भिंतीतून पेशेने विचारलं. "फ्रादल? तुझे किती?"

फ्रादलने मूठ वळली आणि आतून, स्वतःच, झडपेवर मारली.

टक्.

"तीन," ती म्हणाली.

बाहेर काहीतरी थांबल्यासारखं वाटलं. बराच वेळ. मग गल्ली गप्प झाली.

उजाडल्यावर ट्रक आले. फ्रादलने मिंडलला जमिनीतल्या बटाट्याच्या खड्ड्यात उतरवलं, वर फळ्या ठेवल्या. सगळ्यांना अंगणात उभं केलं गेलं. शिपाई घरांत शिरले.

खड्ड्यातून काय ऐकू आलं, ते मिंडलने नंतर सांगितलं. बूट आले. नेमके तिच्या डोक्यावर थांबले. शिपायाने जमीन पोकळ आहे का ते बघायला बंदुकीचा दस्ता आपटला.

एकदा.

दोनदा.

तिसऱ्यांदा आपटणार, तेवढ्यात शेजारच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं. बूट तिकडे पळाले.

शेजारच्या खोलीत ब्लूमे सापडली होती.

फ्रादलने अंगणातून पाहिलं. एका शिपायाने ब्लूमेला काखेत धरून आणलं. तिच्या एका पायात मोजा नव्हता. पेशे धावली, तिला खाली पाडलं. ट्रक गेला.

पेशे रडली नाही. दुसऱ्या पहाटे भिंतीतून आवाज आला.

"फ्रादल. माझे तीन होते ना गं? तू ऐकलेस ना?"

"तीनच होते."

"मग?"

फ्रादल मिंडलचं पांघरूण नीट करत राहिली. पेशेने पुन्हा विचारलं,

"आणि तुझे किती होते?"

"तीन," फ्रादल म्हणाली.

त्यानंतर पेशे रोज पहाटे तेच विचारायची. हिवाळ्यात एके दिवशी विचारलं नाही, तेव्हा फ्रादलला कळलं.

पुढे शेवटी वस्ती रिकामी केली, तेव्हा दोघी मायलेकी तळघरात लपून वाचल्या. मेलबर्नला आल्या. मी इथेच जन्मले. आजीने घराला कधी झडपा बसवू दिल्या नाहीत.

गेल्या जूनमध्ये आई फार आजारी होती. तिला माझ्या घरी आणलं होतं. आमचं घर जोडघर आहे, शेजाऱ्यांची नि आमची भिंत एकच. पहाटे मी आईच्या उशाशी बसले होते...

काचेवर वाजलं.

टक्.

टक्.

मी तिसऱ्याची वाट बघितली. मग माझी मूठ आपोआप वळली. देवाशपथ सांगते, मी ती उचललीही.

भिंतीपलीकडे शेजारणीचं बाळ रडायला लागलं. महिन्याचं होतं.

आई जागी होती.

"त्या बाळाचं नाव काय ठेवलंय गं?" तिने विचारलं.

माझी मूठ तशीच वर होती.

"हात खाली घे."

मी घेतला. आई त्याच दिवशी दुपारी गेली. बाळ ठणठणीत आहे, माझ्याकडे बघून हसतं. मला वाटलं, संपलं सगळं.

पण परवा कुंपणापाशी शेजारीण म्हणाली, "रागावू नका, पण तुम्ही पहाटे भिंत ठोकता का हो?"

मी त्या भिंतीला कधी हातही लावलेला नाही.

"किती वेळा वाजतं?" मी विचारलं.

ती हसली. म्हणाली, कधी मोजलं नाही.