कानशिलावरची बोटं

चौतीस सालच्या संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या मिरवणुकीत शिवशरणच्या कमरेला नंदीध्वज होता. म्हणजे अख्खं सोलापूर त्याच्याकडे बघत होतं. निदान त्याचा तरी हिशेब तसा होता. पांढरीशुभ्र बाराबंदी, ताठ मान, डोक्यावर उंच झुलणारा ध्वज... आणि कोपऱ्यावरच्या माडीत हिरव्या इरकलीतली एक मुलगी. नजरेला नजर भिडली, अन् तिने दोन्ही हातांची बोटं कडाकड मोडली.

ध्वज डुलला. लोकांना वाटलं, वारा.

शिवशरणला बोटं मोडण्याचा एकच अर्थ ठाऊक. आई लहानपणीच गेली, आणि आजी चन्नम्माची सगळी बोटं शेजारणीला शिव्याशाप देण्यात खर्ची पडायची. पण ओळख ना पाळख, या पोरीचं आपण काय घोडं मारलं?

दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याला मुलगी बघायला नेलं. पाहुणे अक्कलकोटचे, सोलापुरात नातलगांकडे उतरलेले. माडी तीच. मुलगीही तीच, गौरम्मा. संध्याकाळच्या गाडीने ते परतणार, म्हणून होय-नाही तिथेच सांगायचं होतं. शिवशरणचं 'नाही' ओठांवर तयार होतं. पण ती तिळगूळ घेऊन पुढे आली आणि त्याला राहवलं नाही.

"काल माझ्या नावानं बोटं मोडलीत," तो हळूच म्हणाला. "ध्वज पडला असता की."

"पडू नये म्हणूनच मोडली." तिने हसू पदरात लपवलं. "एवढी माणसं टक लावून बघत होती... दृष्ट लागंल की. तुमच्यावरून हात ओवाळले, मग कानशिलावर मोडली. तेवढं ध्वजाआड गेलं असंल."

"आणि रागाची?"

"तीबी मोडतात आमच्याकडं. पण रागाला कानशील लागत न्हाई."

शिवशरणची दृष्ट आजवर कुणी काढलीच नव्हती.

"काय रे, काय सांगू यांना?" वडिलांनी विचारलं.

भर बैठकीत त्याने गौरम्मावरून हात ओवाळले आणि आपल्या कानशिलावर बोटं दाबली. बायकांचं काम ते. त्यातून बोट वाजलं एकच.

"एवढीशीच दृष्ट?" ती पुटपुटली. "तुमच्या वेळेला तर सगळी बोटं वाजली होती."

"मला सगळा गाव बघत होता," शिवशरण म्हणाला. "तुम्हाला... मी एकटाच."