तोकुबेच्या सुतकाचा कागद

स्टोव्ह जरा वाढवा, आणि तो चहा इकडे सरकवा. मघाशी कोण म्हणालं, प्राण्यांची भुतं नसतात म्हणून? तूच ना, हिनाको? नोकरीला लागून तीन महिने झाले नाहीत आणि शहाणपण बघा हिचं! मग ऐक. ही गोष्ट इसाकुची आहे. वीस वर्षं सीलच्या तळ्यावर माझ्या जोडीला होता तो. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. पटत नसेल तर दार उघडं आहे, बाहेर उणे अठरा आहे, खुशाल जा.

दोन हजार सोळा साल. फेब्रुवारीची तेरा तारीख, शनिवार. बर्फातल्या दिव्यांचा आठवडा, म्हणजे आपलं प्राणिसंग्रहालय रात्री साडेआठपर्यंत उघडं. दुपारी चारला इसाकु ढकलगाडी घेऊन मागच्या तळ्याकडे निघाला. काम साधंच. तिथला तरणा सील उचलायचा आणि पुढच्या तळ्यात आणून सोडायचा.

कारण पुढच्या तळ्यातला तोकुबे त्या दिवशी सकाळी गेला होता. एकतीस वर्षांचा म्हातारा सील. अर्धं गाव त्याला बघत लहानाचं मोठं झालेलं.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. प्राणी गेला की त्याच दिवशी कठड्यावर काळ्या काठाचा सुतकाचा कागद लागतो. नाव, वय, कशानं गेला. लोक वाचतात, टोपी काढतात, कोणी सफरचंद ठेवून जातं. इसाकुनं कागद लिहूनही ठेवला होता. पण तेव्हाचे आपले साहेब, नीझुमा, आडवे आले.

"आज नको रे इसाकु. चार हजार माणूस यायचंय. पोरं रडतील, सगळा विचका होईल. मंगळवारी लाव."

"आणि तोवर तळ्यात काय दाखवू, साहेब?"

"मागचा आण की. सील तो सील. कोणाला कळतंय?"

इसाकु 'बरं' म्हणाला. तिथंच चुकलं त्याचं. मला हे सांगताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा तो.

सहा वाजता कठड्याशी ही गर्दी! पोरं बोंबलतायत, "तोकुबे! तोकुबे!" आणि हा तरणा सील काही केल्या पाण्यात उतरेना. दगडावर अंग चोरून बसलेला. पाण्यावर बर्फ धरत चालला होता. पुढेच उभी होती सावे आजी, दर हिवाळ्यात हातात काठी घेऊन चढ चढून येणारी.

"काय रे इसाकु, याचा पांढरा डोळा बरा झाला वाटतं?"

इसाकु खाली बघायला लागला. साहेब हसत पुढे झाले. "आजी, अंधारात नीट दिसत नाही हो."

"मोतीबिंदू त्याला होता, साहेब. मला नाही. तीस हिवाळे येतेय मी, मला येड्यात काढता?"

आणि तेवढ्यात… तळ्याच्या मधोमध बर्फ वाजला. तड्.

एक भोक पडलं, वाटीएवढं. सील श्वासासाठी पाडतात ना, तसं. एक पोरगी ओरडली, "आला! तोकुबे आला!"

सील तर दगडावर होता. तळ्यात दुसरा नव्हता. इसाकुनं सकाळी आपल्या हातानं तोकुबेला बाहेर काढलं होतं.

भोकातून वाफ आली. मग थांबली.

पुन्हा आली.

नाक दिसेना. मिशा दिसेनात. नुसती वाफ… आणि आवाज. तोकुबे श्वास सोडताना शेवटी घरघरायचा. इसाकु डोळे मिटून ओळखायचा तो आवाज.

तीच घरघर.

"ह… हवा असेल आतली," साहेब म्हणाले. त्यांच्याकडे कोणी बघितलंही नाही. पोरं कठड्यावरून वाकून भोकाकडे बघत होती.

काय म्हणतेस हिनाको? घाबरला का तो? अगं, घाबरेल कशाला! वर्षानुवर्षं त्याच्या हातचे मासे खाल्लेला जीव तो. इसाकुला लाज वाटली. मेलेल्याला सुतकसुद्धा मिळू दिलं नाही, याची लाज. त्यानं खिशातला कागद काढला, कठड्याला बांधला आणि बोंब ठोकली, "तोकुबे आज सकाळी सहाला गेला! म्हातारपणानं गेला! हा तो नाही!"

"उद्यापासून कामावर येऊ नकोस," साहेब दातओठ खात म्हणाले.

"नाही येत. पण हा कागद इथंच राहील."

आजीनं टोपी काढली. मग एकेक करत सगळ्यांनी काढली, त्या थंडीत. भोकातून एक लांब श्वास आला… आणि परत काही नाही.

साडेआठला फाटक बंद झालं. तरणा सील मागे गेला, तळ्याला कुलूप लागलं, किल्ली साहेबांच्या खिशात. मग त्यांनी कागद कठड्यावरून ओरबाडला, टराटरा फाडला आणि ऑफिसातल्या शेगडीत घातला. इसाकु आपल्या किल्ल्या द्यायला समोरच उभा होता. पार राख होईपर्यंत बघत राहिला आणि म्हणाला, "जाळा की. त्यानं काय तो जिवंत होणार आहे?"

रविवारी सकाळी मी सुट्टीवरून आलो. आजी माझ्याआधी कठड्याशी. तळं गोठून टणक झालेलं, ना भोक, ना चीर. आणि मधोमध, बर्फाच्या आत, चार बोटं खाली…

साहेब धावत आले. ओरडले, "पहार आणा! पहार!" आम्ही सातजण होतो कामावर. एकही जागचा हलला नाही. हळूहळू लोक जमले आणि वाचायला लागले. मीही वाचला. काळ्या काठाचा कागद, इसाकुचं अक्षर, तोकुबेचं नाव. कुठं फाटलेला नाही, कुठं जळलेला नाही.