प्रतापरावांनी वाटलेली नानकटाई

"डबे गेले! सगळेच्या सगळे गेले!"

त्रिवेणी हॉलच्या दारातूनच ओरडली. संध्याकाळी तारनाक्याच्या मराठी मंडळात मुलांनी केलेल्या खाऊचा लिलाव होता आणि दाराजवळ ठेवलेलं खोकं जागेवर नव्हतं! धाकटा शिवराज टेबलांखाली डोकावून आला.

"ताई, इथं कुछ नक्को! मुंगीसुद्धा नाही!"

मे महिन्याची अर्धी सुट्टी त्या खोक्यात गेली होती. ज्वारीच्या पिठाची नानकटाई, कुकरच्या तळाशी मीठ पसरून भाजलेली. प्रत्येकीवर खुबानीच्या, म्हणजे जर्दाळूच्या, बीमधला गर. बिया फोडताना त्रिवेणीची दोन नखं काळी पडली होती. डबे मात्र मैत्रीण ज्योतीचे. जुन्या लग्नपत्रिका घडी घालून, सोनेरी गणपती बरोबर झाकणावर येईल असे तिने ते केले होते. ज्योतीच्या चाकांच्या खुर्चीचा कणाच मोडला होता. नवी खुर्ची आली नाही, तर शाळा उघडल्यावरही ती घरी, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतच बसणार होती. लिलाव होता तो त्याच खुर्चीसाठी.

तेवढ्यात मंडळाचे चिटणीस प्रतापराव घाम पुसत आले.

"काका, आमचं खोकं..."

"तुम्हीच फस्त केलं असेल! या शिवराजचं पोट बघा!"

"काका, ऐका तरी! दाराजवळ..."

"नंतर, बाळा, नंतर! अश्विनीचं लग्न तोंडावर आलंय. सकाळपासून गाडीतून आमंत्रणं वाटतोय. खाऊ नसेल तर लिलाव रद्द करा!"

आणि गेलेसुद्धा! त्रिवेणीच्या अंगाचा तिळपापड झाला. मोठ्या माणसांना कान देवाने दिलेत तरी कशाला?

पाय आपटत ती घरी आली, तर आई फोनवर चिक्कडपल्लीच्या भाग्यलक्ष्मीमावशीशी बोलत होती. मावशीचा आवाज खोलीभर घुमत होता.

"प्रतापराव सकाळीच डबा देऊन गेले गं! पण त्यांची मुलगी अश्विनी ना? झाकणावर तर जयवंता लिहिलंय! अन् तारीख मागच्या वर्षीची!"

त्रिवेणीने फोन हिसकावला. "मावशी! आत नानकटाई आहे? वर खुबानीचा गर?"

"होती की! संपली. कैकू? का गं?"

त्रिवेणी धावतच हॉलमध्ये परतली. शिवराज स्टेजखाली शिरला आणि दुसरं खोकं ओढत बाहेर आला. बेगम बाजारातून आलेली बदामाची मिठाई, आणि प्रत्येक झाकणावर अश्विनीच्या लग्नाची पत्रिका! आमंत्रण मिठाईच्या डब्यावरच छापायचं आणि घरोघर द्यायचं, ही इथली रीतच. प्रतापरावांनी सोनेरी गणपती बघितला, चष्मा न लावता दाराजवळचं खोकं गाडीत टाकलं आणि मुलांची मेहनत वाटून मोकळे झाले!

"सांगू या त्यांना," शिवराज म्हणाला.

तिने फोन लावला. "काका, तुमचे डबे..."

"नंतर!" फोन बंद.

"बरं," त्रिवेणी दातओठ खात म्हणाली. "आता सगळ्यांसमोरच सांगू!"

संध्याकाळी हॉल भरला. वडिलांनी पाठीवर उचलून आणलेली ज्योती स्टेजवर लिलावाच्या हातोड्याऐवजी लाटणं घेऊन बसली. त्रिवेणीने पहिला डबा उंच धरला.

"बदामाची मिठाई! सोबत चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी अश्विनीच्या लग्नाचं आमंत्रण!"

प्रतापराव ताडकन उठले. "अरे! हे तर माझे डबे!"

"मग सकाळी तुम्ही काय वाटलंत, काका?"

हॉलमध्ये खसखस पिकली. "आमच्याकडे जयवंता आली!" एकजण ओरडला. "आमच्याकडे हर्षवर्धनचं लग्न!" दुसऱ्याने भर घातली. प्रतापरावांनी डोक्याला हात लावला.

"डबे तुमचेच आहेत, न्या," त्रिवेणी म्हणाली. "पण आमच्याकडे विकायला काहीच उरलं नाही. ज्योतीने काय करायचं?"

प्रतापराव हळूच खाली बसले. मग त्यांनी हात वर केला.

"माझेच डबे मी विकत घेतो. खुर्चीची निम्मी किंमत, माझी बोली!"

"आम्हीही नानकटाई फुकट खाणार नाही बरं!" मागून कुणीतरी म्हणालं. "माझेही पैसे घ्या!" एकामागून एक हात वर झाले. ज्योतीने लाटणं आपटलं तेव्हा खुर्चीची पूर्ण किंमत जमली होती.

प्रतापराव स्टेजवर आले. "ही पोरगी दिवसभर सांगत होती आणि मी एकदाही ऐकलं नाही. शाबास, त्रिवेणी! डोकं तर चालवलंसच, वर माझे डबेही राखलेस!"

टाळ्या कडाडल्या. त्रिवेणीचा राग मात्र अजून पुरता उतरला नव्हता.

"शाबासकी नको, काका. आधी ऐका."

"हौ, बाई. बोल. ऐकतोय."

तिने ज्योतीकडे पाहिलं.

"खुर्ची उद्याच आणायची. शाळा उघडेपर्यंत नाही थांबायचं. अजून सुट्टी बाकी आहे आमची!"

"उद्याच," प्रतापराव म्हणाले.