काढायचं की जोडायचं?

"काढायचं की जोडायचं?" खिडकी क्रमांक तीनमधून रामटेकेबाबूंनी विचारलं.

ऋजुता गेडाम क्षणभर गोंधळली. प्रश्न दाताच्या दवाखान्यात शोभावा असा होता, पण ती उभी होती वैनगंगा विद्यापीठाच्या विषयांतर कक्षात.

"दोन्ही विषय ठेवता आले तर बरं," ती म्हणाली. "कीटकशास्त्र आहे माझं. स्थापत्य हवंय."

बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि भिंतीवरच्या तक्त्यावरून बोट फिरवलं. बोट एका घरापाशी थांबलं. "सहा टक्के. वीस लागतात. जोडता नाही येत, ताई. काढा लागते."

"कीटकशास्त्र काढायचं?"

"मग? जागा काय विद्यापीठ देते? अन् शनिवार शेवटचा दिवस हाय, इचार करा पटकन."

आता हे काढणं-जोडणं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. पूर्वी म्हणे मुलं विषय पाठ करत. वह्या भरायच्या, परीक्षेत ओतायचं आणि जून उजाडेपर्यंत सगळं विसरून जायचं. कैक पिढ्या अशा वाया गेल्यावर माणसाला शहाणपण सुचलं. कानाच्या वरच्या बाजूला मेंदूचा सुपारीएवढा एक भाग सापडला. तिथल्या पेशी वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत नव्या जोडण्या करायला नुसत्या टपलेल्या असतात. तिथे विषयाचं 'बेणं' टोचतात. शेतात उसाचं बेणं लावतात ना, तसंच. हे बेणं म्हणजे प्रथिनांचं एक मिश्रण. कुठल्या दिशेला हातपाय पसरायचे ते पेशींना सांगणारं. टोचून घेतलं की झालात विद्वान, असं मात्र अजिबात नाही. अभ्यास करावाच लागतो. पण केलेला अभ्यास मुळं धरतो, आणि मग माणसाला सगळं जगच त्या विषयाच्या नजरेतून दिसायला लागतं.

अडचण जागेची. सुपारीत एक विषय ऐसपैस मावतो. दोन कोंबायचे तर त्यांची निदान वीस टक्के मुळं सामाईक हवीत. त्यांना म्हणतात 'जोडमुळं'. ती नसली तर दोन्ही विषय एकमेकांच्या उरावर बसतात. सुरुवातीला एका हौशी पठ्ठ्याने कायदा आणि पाकशास्त्र जोडून घेतलं होतं. बिचारा खारट आमटीविरुद्ध अपील करायचा आणि कोर्टात साक्षीदाराला विचारायचा, मोहरी तडतडली होती का! तेव्हापासून नियम कडक झाले. जोडमुळं पुरेशी नसतील तर जुन्या विषयाची 'छाटणी' करायची, म्हणजे त्याच्या जोडण्या औषधाने विरघळवायच्या, आणि मोकळ्या जागेत नवं बेणं टोचायचं. तेही आयुष्यात एकदाच, चौथं सत्र सुरू व्हायच्या आत.

ऋजुता काही लहरी मुलगी नव्हती. कीटकशास्त्र तिने हौसेने घेतलं होतं आणि त्यात ती पहिली यायची. पण वसतिगृहामागे एक पुरुषभर उंचीचं वारूळ होतं, आणि गेल्या मे महिन्यात भर दुपारी तिने त्यात तापमापक घातला होता. बाहेर पन्नास अंश, आत तीस! ना वीज, ना यंत्र. मातीच्या भिंती आणि बोटभर लांबीचीही नसलेली वाळवी. ऋजुता तिथे उन्हात उभी राहून एकटीच मोठ्याने हसली होती, इतका तिला आनंद झाला होता. त्याच आठवड्यात चंद्रपूरहून फोन आला, अंगणवाडीत मदतनिशीचं काम करता करता माय उकाड्याने चक्कर येऊन पडली. घरीही सुटका नव्हती. मायच्या पत्र्याच्या खोलीत गारव्याचं यंत्र होतं, पण मे महिन्यात अकराला वीज जायची ती दिवेलागणीलाच यायची. मग ते यंत्र असून नसून सारखंच. ऋजुताने दवाखान्यात मायच्या उशाशी बसून सांगितलं, "माय, तुला मी वारुळासारखं घर बांधून देईन." आणि घर बांधायचं तर स्थापत्य शिकायला हवं. एवढं साधं होतं ते.

खिडकीवरून ती तडक रोपण विभागात डॉ. सुलभा पांढरीपांडे यांच्याकडे गेली. बाई टेबलावर तर्री-पोहे घेऊन बसल्या होत्या. तक्ता त्यांनीच बनवला होता.

"मॅडम, ते सहा टक्के कसे मोजले?"

"बैस. पोहे घे." बाईंना असे प्रश्न आवडायचे. "हे बघ, विषय पुस्तकात नसतो. तो असतो जाणकाराच्या डोक्यात. म्हणून आम्ही दोन्ही विभागप्रमुखांच्या सुपाऱ्यांचे नकाशे काढतो, एकावर एक ठेवतो आणि किती मुळं जुळतात ते मोजतो."

"म्हणजे देवतळे सर आणि बक्षी सर?"

"हो."

ऋजुताने कपाळावर हात मारून घेतला. चौदा वर्षांपूर्वी कीटकशास्त्राच्या देवतळे सरांची पाळलेली वाळवी भिंतीतून पलीकडे स्थापत्य विभागात गेली आणि बक्षी सरांचे तीस वर्षांचे लाकडी नमुने खाऊन मोकळी झाली, हे विद्यापीठातल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून दोघांत बोलणं बंद. बक्षी सरांसमोर कुणी किडा हा शब्द काढला तर सर उठून जात. देवतळे सर तर घराला रंग द्यायचा म्हटलं तरी विषय बदलत.

"अहो मॅडम, मग विषय कुठे लांब आहेत? हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच मोजलंत तुम्ही!"

बाईंचा चमचा हातातच राहिला. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मग त्यांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. तक्ता दर दहा वर्षांनी बदलतो. पुढची मोजणी तीन वर्षांनी, तोवर ऋजुता एकविशी ओलांडणार आणि तिची जागा घट्ट होणार.

"तक्ता बाजूला ठेवून जोडा ना माझं. चूक तुमची आहे."

"चूक माझीच आहे. पण नव्याने मोजल्याशिवाय मी तुझ्या डोक्याशी खेळणार नाही. खरोखरच सहा निघाले तर? त्या आमटीवाल्या पोराला मी पाहिलंय, ऋजुता. तू नाही पाहिलंस."

मग ऋजुताने खरा प्रश्न विचारला. "छाटल्यावर माझं काय काय जाईल?"

"आठवणी जात नाहीत. वारूळ पाहिलंस हे आठवेल. पण पाहून जे कळलं, ते कीटकशास्त्राच्या मुळांवर उभं आहे. मूळ गेलं की कळणं गेलं. आणि जे कळत नाही ते मेंदू फार दिवस सांभाळत नाही. चार-सहा महिन्यांत टाकून देतो."

"मला घर बांधावंसं वाटेल ना पण?"

"वाटेल की. कसलं, ते मात्र मी सांगू शकत नाही."

"आजवर किती जण पस्तावले?"

"एकही नाही. अकरा वर्षांत एक तक्रार नाही. कुलगुरू दर दीक्षान्त समारंभात अभिमानाने सांगतात." बाईंनी पोह्यांची ताटली बाजूला सारली. "मी नाही सांगत. पस्तावायचं तर काय गेलं ते तरी कळायला हवं ना?"

स्थापत्य घ्यायचं ते ज्या कारणासाठी, ते कारणच स्थापत्य घेताना जाणार. आणि न घ्यावं तर वारुळाचं सगळं कळूनही मायच्या डोक्यावर पत्रा तो पत्राच. ऋजुताला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर जरा गंमतही वाटली. आपल्याच डोक्याला चकवता येतं का, हे तिला बघायचं होतं.

"मी लिहून ठेवते."

"सगळेच लिहितात. नंतर वाचतात, हसतात आणि फायलीत लावून टाकतात."

"कागद भांडत नाही, मॅडम," ऋजुता म्हणाली. "माझी माय भांडते. तिच्या डोक्यात कुणी बेणं टोचलेलं नाही, आणि कुणी ते छाटणारही नाही."

सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी तिने मायला फोन केला. वारुळाच्या मधोमध धुराड्यासारखी पोकळी असते. भिंतीत बारीक वाटा असतात. तळाशी ओल असते. आतली गरम हवा वर निघून जाते आणि खालून ओलीवरची गार हवा ओढली जाते. माय अंगणवाडीतल्या पोरांसारखं ते तिच्यामागून म्हणायची. शुक्रवारी तिने एका दमात सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

"माय, पुढे मी नाही म्हटलं ना, तरी ऐकायचं नाही. भांडायचं माझ्याशी."

"आता बया! तुह्याशी भांडाले मले शिकवा लागते काय?"

दोघी खूप हसल्या. शनिवारी सकाळी ऋजुताने रामटेकेबाबूंच्या खिडकीत अर्ज दिला. "काढायचं," ती म्हणाली. छाटणीला चाळीस मिनिटं लागली. दुखलं काहीच नाही.

तीन वर्षं गेली. ऋजुता स्थापत्यातही पहिली आली. बक्षी सर तिला पोरीसारखं मानत. पदवी हातात पडताच ती मे महिन्यात चंद्रपूरला गेली, मायला घर बांधून द्यायला. तिने नकाशा जमिनीवर पसरला. जाड भिंती, दुहेरी काचा, हवेला कुठे म्हणून फट नाही, आणि छतावर नवं मोठं यंत्र.

माय नकाशाभोवती एक फेरी मारून आली. "अन् भोकं कुठं हायेत?"

"कसली भोकं?"

"भिंतीतल्या वाटा वं. मधात धुराडं पाहिजे. खाली ओल पाहिजे. गरम हवा वर जाते, खालून गार येते. वारुळासारखं!"

ऋजुताने कुतूहलाने ऐकून घेतलं. तिला कुतूहल होतंच, ते काही कुणी छाटलं नव्हतं. "हे कुणी सांगितलं तुला?"

"तूनंच! पाच दिवस घोकून घेतलं माह्याकडून. म्हणे मी नाही म्हटलं तरी भांडजो."

ऋजुताने आठवून पाहिलं. वसतिगृहामागे उन्हात आपण हातात तापमापक घेऊन उभ्या आहोत, हसतोय, एवढं तिला आठवलं. कशाला हसत होतो कोण जाणे. पहिल्या वर्षाला असताना माणूस काय काय करतो! तिला त्या पोरीची जरा मौजच वाटली.

"बरं, मला सांग," ती मायेने म्हणाली, "भिंतीला भोकं पाडली तर बाहेरची पन्नास अंशांची हवा त्यातून आत नाही का येणार?"

माय थांबली. "खालून गार येते," ती म्हणाली.

"का येते पण?"

मायने पुन्हा सुरुवातीपासून म्हणून पाहिलं. मधोमध पोकळी, भिंतीत वाटा, तळाशी ओल. अक्षर चुकलं नाही. पण हा प्रश्न त्या पाच दिवसांत कुणी विचारला नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तरही तिला कुणी दिलं नव्हतं.

"आणि पायाखाली ओल ठेवली तर भिंती टिकतील का? वाळवी घर खाते, माय. तिच्याकडून घर शिकायचं का आपण?"

माय भांडली. कबूल केल्याप्रमाणे चांगली तासभर भांडली, दोनदा रडकुंडीला आली. ऋजुता एकदाही चिडली नाही. प्रत्येक मुद्द्याला तिने कागदावर आकडे मांडून उत्तर दिलं, आणि आकडे बिनचूक होते.

"अन् लाईट गेली तं?" मायने शेवटचं विचारलं.

"मोठ्या बॅटऱ्या बसवू. तू कशाला काळजी करतेस? मी आहे ना."

मायने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. एवढी शिकलेली पोर, एवढ्या प्रेमाने समजावून सांगते आहे. आपण चौथी पास.

"बरं बाई," ती म्हणाली. "मीच काहीतरी उलटंसुलटं ऐकलं असन." आणि चहा ठेवायला उठली.