तिसरी पायरी

डोंगराच्या पायथ्याशी खांद्यावर वल्ही टाकून चालणारा माणूस जिजानं जन्मात पाहिला नव्हता. समुद्रापासून दूर, फुलपाडा गावाच्याही आत, जिकडेतिकडे भातखाचरं, आणि हा गडी भर दुपारी वल्ही घेऊन बांधावर उभा! धुणं खाली ठेवून ती हसत सुटली.

“ओ, समुद्र मागं राह्यला तुमचा!”

“ठावं हाय. त्याच्याच घरचा मी. अर्नाल्याचा हरिश्चंद्र. मालकांनी होडी हाकायला बोलावलंय.” त्यानं तळ्यावर नजर फिरवली. “हे तळं? आमच्याकडं याच्यात पोरं पाय धुतात.”

“बुडालात तर काढायला कोन येनार नाय.”

“तुमी पन नाय?”

जिजानं धुणं उचललं आणि वाट धरली. दहा पावलांवर मागं वळून पाहिलंच... तोही पाहत होता.

तळं मुंबईच्या मालकांचं, खासगी. रविवारी पाहुणे आणायचे, होडीत बसवायचे, फोटो काढायचे, एवढाच त्याचा उपयोग. मातीच्या बांधाची राखण जिजाच्या बापाकडे, पांडूकडे. बांधाच्या टोकाला सांडवा होता, जादा पाणी वाहून जायची वाट. त्यात आडव्या फळ्या बसवल्या की पाणी हातभर चढायचं, मालकांच्या बंगल्यापासून तळ्यात उतरणाऱ्या पायऱ्यांतल्या वरून तिसऱ्या पायरीला लागायचं, आणि मगच होडी पायऱ्यांपाशी यायची. पण फळ्या घालायच्या त्या दसऱ्याला, पाऊस पुरता गेल्यावर. पांडूचा हा नेम त्याच्या बापापासूनचा. होळीच्या सुमारास पाणी उतरलं की होडी पालथी आणि होडीवाला घरी.

तो हिवाळा कसा सरला ते जिजाला कळलंच नाही. सांडव्यापाशी दोन शब्द, पायरीवर एक हसू, कधी पानात बांधलेली सुके बोंबील — “तुझ्या बाला दे हां, तुला नाय.” होळीला वल्ही खांद्यावर टाकताना तो म्हणाला, “पानी तिसऱ्या पायरीला लागलं की येतो. तवा तुझ्या बाला विचारतो.”

“काय विचारनार?”

“तुला ठाऊक नसंल तर... नाय विचारत.”

“विचार,” जिजा म्हणाली, आणि पदरात तोंड लपवलं.

त्या वर्षी भाद्रपद सरता सरता उघडीप पडली. आठ दिवस लख्ख ऊन. पांडू थंडीतापानं अंथरुणाला खिळलेला. दसऱ्याला अजून पंधरवडा होता. पण सहा महिने काढलेल्या पोरीला पंधरा दिवस निघेनात. एका सकाळी तिनं कुणाला न सांगता एकेक फळी खाचेत बसवली. तळ्यात येणारा ओढा वाहता होता. तिसऱ्या दिवशी पाणी तिसऱ्या पायरीला लागलं. रविवारी मालक आले, पाणी पाहून खूश झाले आणि अर्नाल्याला निरोप धाडून गेले. नेमाची चौकशी कोण करतो!

सोमवारी तो आला. तिच्याकडे पाहण्याआधी त्यानं सांडव्याकडे पाहिलं.

“फळ्या इतक्यात? जिजा, हत्तीचा पाऊस बाकी हाय. काढ त्या.”

“काढल्या तर पानी उतरंल. पानी उतरलं तर मालक तुला परत धाडतील.”

आभाळ वाचणाऱ्या घरातला पोरगा तो. पण त्या दिवशी आभाळाकडे त्यानं पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहत राहिला.

“उद्या काढू,” तो म्हणाला. “आज होडीत बस.”

बांधावर जन्म गेला, पण जिजा त्या होडीत कधी बसली नव्हती. होडी पाहुण्यांची. ती बसली. त्यानं वल्हं मारलं. तिनं हात पाण्यात सोडला, आणि सुख म्हणजे काय ते तिला त्या घटकेला कळलं.

“उद्या फळ्या काढल्या की तुझ्या बाला विचारतो,” तो म्हणाला.

सकाळी हत्ती आला, हस्त नक्षत्राचा पाऊस. असा कोसळला की समोरचा डोंगर दिसेना. दोघं सांडव्यावर धावली, पण फळ्या पाण्यानं फुगून खाचेत घट्ट बसल्या होत्या. हात सोलले, फळी हलेना. त्यानं कुऱ्हाड चालवली. दोन फळ्या तुटल्या... तोवर मध्ये बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं होतं. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की संपलं. दोघं ओरडत वस्तीकडे पळाली. मागं बांध फुटला. माणसं वाचली. निसवलेलं, लोंब्या धरलेलं भात गेलं, गावाचं सगळं गेलं.

दुपारी चिखलात गाव जमलं. मालकांचा मुकादम ओरडत होता, “फळ्या कोणी घातल्या?”

“मी नाय,” तापानं थरथरत पांडू म्हणाला. मग त्याची नजर लेकीच्या सोललेल्या हातांवर गेली आणि त्यानं मान खाली घातली.

“मी घातल्या,” हरिश्चंद्र म्हणाला. “गुपचूप येऊन. मला यायची घाई झालती.”

“कसली घाई?”

“होडीची.”

त्यानं जिजाकडे पाहिलंही नाही. एवढं प्रेम कुणी तिला कधी दिलं नव्हतं, आणि ते घेताना तिला मरण आलं तर बरं असं वाटत होतं. गावानं त्याला मारलं, वल्ही मोडली, हाकलून दिलं.

ओढ्याच्या वळणावर तिनं त्याला गाठलं. “मी खरं सांगते.”

“सांग. मग तापातल्या बापाला घेऊन कुठं जाशील? गावात पानी तरी देतील?”

“मग मला ने!”

“नेलं तर फळ्या कोनी, कोनासाठी घातल्या ते उघडंच पडंल.” ओठावरचं रक्त पुसत तो थांबला. “उद्या काढू म्हनालो तो मीच ना, जिजा. काल तू होडीत बसलीस... मला पुरंल तेवढं.”

तो गेला.

मालकांनी बांध पुन्हा घालायचा नाही असं ठरवलं, होडी विकून टाकली. दसऱ्याच्या सकाळी पांडू सवयीनं म्हणाला, “जिजा, फळ्या...” आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

ती पायऱ्यांवर गेली. तिसरी पायरी कोरडी होती. तिच्याखाली आणखी सात पायऱ्या होत्या, त्यातल्या खालच्या पाण्यानं आजवर झाकलेल्या. एकेक उतरत ती शेवटच्या पायरीवर, भेगाळू लागलेल्या चिखलात पाय टाकून बसली. पाणी लागलं की येतो, असं तो म्हणाला होता. ते आता कधीच लागणार नव्हतं, आणि ते तिनंच केलं होतं.